पेडगावच्या किल्ल्यातली चौकशी

तिसगावच्या आसपास कुणाच्या पोरीची सोयरीक ठरायची असली, की आधी आप्पासाहेबांना बोलावणं जायचं. मुलाच्या गावी न कळवता जायचं, न्हाव्याच्या दुकानात दाढीला बसायचं, टपरीवर चहा पिता पिता त्या घराचा विषय सहज काढायचा आणि येताना त्यांच्या गोठ्यावरून चक्कर मारायची, ही त्यांची रीत. ज्या घरच्या जनावरांची पोटं खपाटीला गेलेली, तिथं सुनेलाही पोटभर मिळत नाही, असं त्यांचं ठाम मत. भावकीतल्या कितीतरी पोरी त्यांच्या चौकशीमुळे वाचल्या, हे कुणीही कबूल करेल. पण दुधानं तोंड न पोळताही ताक फुंकून पिणारा हा माणूस स्वतःच्या लेकीच्या वेळी अगदीच हाताबाहेर गेला. निकिताची दोन चांगली स्थळं त्यांनी मोडली. एका मुलाचा चुलता फार गोड बोलायचा म्हणून, आणि दुसऱ्याच्या दारातलं कुत्रं अनोळखी माणसावर भुंकलं नाही म्हणून.

निकिता नगरला एका लॅबमध्ये नोकरीला. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, आपण पेडगावचा किल्ला बघायला जाऊ. आप्पासाहेबांच्या मनात तिथंच शंकेची पाल चुकचुकली. शाळेत इतिहासाचा तास आला की या पोरीचं डोकं दुखायचं, आणि आता पडक्या देवळांची एवढी ओढ कुठून आली? बरं, गुडघे दुखतात म्हणून शेजारच्या लग्नालाही न जाणारी त्यांची बायको चांगुणाबाई लगेच तयार. नवं लुगडं नेसून, धपाट्यांचा डबा बांधून मोकळी. आप्पासाहेबांनी डबा उचलून पाहिला. तिघांच्या मानानं तो भलताच जड होता. कुठंतरी पाणी मुरत होतं. गाडी निकिताच चालवत होती, आणि आप्पासाहेब सगळी वाट रस्त्याऐवजी तिच्या मोबाईलकडे बघत बसले.

किल्ल्यात शिरल्यावर मायलेकी रमतगमत चालू लागल्या. ढासळलेल्या भिंतींवर गवत माजलेलं, मधूनच वेड्या बाभळीची झुडपं, आणि त्यात उभं लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ. खांबांवरचं कोरीव काम पाहून चांगुणाबाईंनी तोंडात बोट घातलं. आप्पासाहेबांनी त्यातलं काही पाहिलं नाही. त्यांना दिसली ती दोनच माणसं, पांढऱ्या टोपीतला एक म्हातारा आणि त्याच्याबरोबरचा तरणा पोरगा. देवळापाशी होती, पुढच्या पडक्या महालात होती, आणि हे तिघं भीमेच्या काठच्या तटावर गेले तर तिथंही हजर. लोक दगड बघत होते आणि ही दोघं यांच्याकडे बघत होती.

मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरगी चोरून बघायचा हा प्रकार. रीतसर पोहे खायच्या आधी मुलाकडची माणसं बाजारात नाहीतर जत्रेत पोरीला लांबून बघून घेतात, पोरीला पत्ताही नसतो. आप्पासाहेबांनी स्वतः असे कितीक बेत जमवले होते. हे नक्की चांगुणाबाईंच्या भावाचं कारस्थान, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. त्यांना राग तर आलाच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. आपल्या लेकीला बाजारातल्या शेरडासारखं कुणीतरी बघून जायचं आणि बापाला साधी खबर नाही.

मायलेकी पुढे गेल्याचं बघून ते म्हाताऱ्याच्या शेजारी चौथऱ्यावर जाऊन बसले. गाव कुठलं विचारलं, तर इकडचंच म्हणाला. नाव रंगनाथ सांगितलं. पोरगा त्याचा मुलगा, कल्याण. किल्ला पहिल्यांदाच बघताय का, असं विचारल्यावर म्हातारा हसला आणि म्हणाला, इथं लहानपणी शेरडं चारलीत. मग आज काय राहिलं होतं बघायचं? आप्पासाहेबांचा तोल सुटला.

"आमच्या पोरीला चोरून बघताय. लाज न्हाई वाटत?"

कल्याण खाली मान घालून बाजूला झाला. रंगनाथ मात्र जागचा हलला नाही.

"पोरगी आमी कवाच बघितलीय. माझ्या पोराच्या लॅबमधीच हाय ती. आमच्या घरी जेवून गेलीय," तो म्हणाला. "बघायला तुमालाच आलोय. तिनंच बोलावलं. म्हनली, आमचे आप्पा कसे हायत ते आधी लांबून बघा, मग तुमचं ठरवा."

जन्मभर लोकांच्या गोठ्यांत डोकावलेला माणूस आज स्वतः दावणीला उभा होता. सकाळपासून आपण काय काय केलं, बायकोवर किती खेकसलो, ते सगळं त्यांना आठवू लागलं.

"मग काय दिसलं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"लई संशयी हाय मानूस. पन पोरगी तटाच्या कडंला गेली, की दर बारीला तुमी तिच्या आन नदीच्या मधी जाऊन हुभं राहत हुता." रंगनाथनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "आमचा व्हकार हाय. तुमी करा आमची चौकशी, गाव हितनं जवळच हाय."

आप्पासाहेबांनी कल्याणकडे पाहिलं. विचारण्यासारखं ढीगभर होतं, जिभेवरही आलं होतं. लेक या माणसांच्या घरी जेवून आली आणि आपल्याला एका शब्दानं बोलली नाही, हे मात्र सगळ्यात आधी टोचलं. चुलत्याचं गोड बोलणं आणि कुत्र्याचं न भुंकणं तिच्या लक्षात होतं तर.

"न्हाई करायची," ते म्हणाले. "माझाबी व्हकार."

ते उठून निकिताकडे गेले. ती कधीपासून तटापाशी थांबून इकडेच बघत होती, चेहरा उतरलेला. रंगनाथ हो म्हणाले आणि आपणही हो म्हणालो, असं त्यांनी सांगितलं. पोरगी गळ्यात पडेल असं त्यांना वाटलं होतं.

निकितानं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, एखाद्या परक्या स्थळाकडे बघावं तसं. "चौकशी न करता?"

"न करता."

मग ती त्यांच्या बाजूनं निघून चौथऱ्याकडे गेली, रंगनाथला विचारून खात्री करून घ्यायला.