गिलासभर पाणी

आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळणारा तो माणूस 'पाणी हवं का' असं कधीच विचारत नसे. कुणीही आलं, की भरलेला गिलास समोर. प्यायल्याशिवाय हलायचा नाही.

त्याच्याकडे काचेच्या पेटीत वाळवंटातली झुरळं होती. दिवसभर ती कोरड्या रेतीत पुरून राहत आणि रात्री वर येत. संध्याकाळी तो बोटांनी रेती सपाट करी, सकाळी त्यांच्या वाटा मला दाखवी. "पाहा मॅडम, रातभर फिरले."

हवेतला ओलावाच त्यांना पुरतो, पाणी घालू नका, असं मी बजावलं होतं. तो मान हलवायचा, पण पटलेलं दिसत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आले, तेव्हा रेतीवर बुरशी चढली होती. झुरळं सगळी मेली होती.

"तलाव आटले, मॅडम. मले पाहवत नव्हतं," तो म्हणाला. "रोज गिलासभर टाकलो. पाण्याबिना कोणी जगते काय?"

मी रागावले नाही. रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

रिकाम्या पेटीतली रेती तो अजून रोज सपाट करतो. मी आले, की भरलेला गिलास हातात धरून दारातच थांबतो.

"मॅडम, तुमाले पाणी चालते ना?"