सहावी तार

तुझी गाणी रेकॉर्ड करून ठेव, असं मी त्याला वर्षानुवर्षं सांगत होते. तो म्हणायचा, "अजून शिजतंय गं." शिजतंय म्हणे! तरुणपणी त्याच्या गाण्यांचे दोन अल्बम निघाले, थोडं नाव झालं, मग रेकॉर्ड कंपनीने सोडलं आणि उरले पबमधले कार्यक्रम. नंतरची सगळी गाणी त्याच्या डोक्यातच. गिटारच्या तारा तो स्वतःच्याच कुठल्यातरी सुरांत लावायचा आणि ते कुठेही लिहून ठेवायचा नाही. मी शेजारी बास गिटार वाजवायचे. आई लंडनमधल्या हॅरोहून फोनवर विचारायची, "त्या गोऱ्याच्या मागे अजून किती हिंडणार आहेस?" मी हसण्यावारी न्यायचे.

मग त्याला स्ट्रोक आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलमध्ये मी दर शनिवारी बेसिंगस्टोकहून ट्रेनने जायचे. त्याचं शेवटचं गाणं मला आवडायचं. चाल पाठ होती, पण तारा त्याच्या त्या सुरांत लावल्याशिवाय ते वाजणारच नव्हतं. त्याच्याबरोबर ते संपू द्यायचं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. म्हणून एका शनिवारी त्याची गिटार घेऊन गेले.

एकेक तार छेडायची, खुंटी पिळायची, त्याच्याकडे बघायचं. बरोबर आलं की तो मान हलवायचा. पाच तारा जमल्या, तासभर लागला. सहावी काही केल्या जमेना. "चढवू?" नाही. "उतरवू?" तेही नाही. मी चिडले. आजारी माणसावर चिडले, अजून लाज वाटते. "अरे, मग काय करू मी?" असं जरा मोठ्यानेच म्हणाले. पलीकडच्या बेडजवळ बसलेल्या बाईने वळून पाहिलं.

तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने मान हलवली. हो.

मी सगळ्या तारा एकदम छेडल्या. चुकलं होतं. त्याला कळत होतं, मलाही कळत होतं. माझी दया येऊन त्याने हो म्हटलं होतं.

"जमलं बघ," मी म्हणाले, आणि ते गाणं तसंच चुकीचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. त्याने डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं.

दोन आठवड्यांत तो गेला. त्या गाण्याचं आता एवढंच उरलंय, माझ्याकडचं, चुकीचं.