सुलोचनाचा हडकुळा नंदी

बोरगाव मेघेत खरे बैल जसजसे कमी झाले, तसतसे तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी फुगत गेले. ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याचा नंदी सर्वांत मोठा. अंगाला सोनेरी रंग, डोळ्यांत लुकलुकते दिवे, आणि एकाच्या नाकातून तर चक्क धूर निघे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा हा लेकरांचा सण. पण दोरी लेकराच्या हातात आणि पीळ बापाच्या मिशीला.

अशा गावात सुलोचना सुताराच्या पोटी जन्मली, ही पहिली चूक. बाप गेल्यावर तिनं त्याची पटाशी उचलली, ही दुसरी. तिसरी मात्र लोकांना कधीच माफ करता आली नाही: तिचा बैल बैलासारखा दिसायचा. बरगड्या वर आलेल्या, गुडघे जरा वाकलेले, मानेवर जू घासून पडलेला घट्टा. रंग नाही की टिकली नाही.

लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? बाईनं नंदी घडवला तर गोठा ओस पडतो, असं ज्यांच्याकडे गोठाच उरला नव्हता ते सांगू लागले. ही नंदीलाही उपाशी ठेवते, असं म्हणून बाया पदराआड हसल्या. सगळ्यांत मोठा आवाज पोळा समितीचे अध्यक्ष अण्णाजी यांचा. असलं अवलक्षण रांगेत नको म्हणून ते दरवर्षी तिचा बैल तोरणाबाहेर उभा करायला लावत. आता तोरणाखाली आल्याशिवाय टिळा नाही, आणि टिळा नाही तर तो बैल कसला, नुसतं जळण. सुलोचनाला बक्षीस नको होतं. आपल्या बैलाला एकदा टिळा लागावा, एवढाच तिचा हट्ट. जो राबला त्याची पूजा, असं बाप म्हणायचा; त्या बोलावर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा होता. म्हणून दरवर्षी हसं करून घ्यायची आणि पुन्हा सागाचा ओंडका शोधायला निघायची.

यंदाच्या बैलाचं डावं शिंग खाली झुकलेलं होतं. तो घेऊन ती तोरणाबाहेर थांबलीच नाही, थेट रांगेत शिरली. धूरवाल्या नंदीशेजारी तो बैल लग्नाच्या पंगतीत चुकून बसलेल्या मजुरासारखा दिसत होता. लोक हसले. अण्णाजी पूजेचं ताट घेऊन तरातरा आले ते तिला हाकलायलाच.

पण त्या शिंगापाशी त्यांची नजर अडली. हात आपोआप मानेकडे गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशी राबून दुखणारे बैलाचे खांदे हळद-तुपानं मळतात, तसा ते ताटातली हळद घेऊन तो लाकडी घट्टा चोळू लागले.

"पवळ्या," ते हळूच म्हणाले.

पवळ्या त्यांचाच बैल, डावं शिंग असंच झुकलेला. ट्रॅक्टर दारात आला त्या वर्षी त्यांनी त्याला बाजार दाखवला होता. त्याआधी वखर दुरुस्त होईपर्यंत तो सुलोचनाच्या बापाच्या अंगणात बांधलेला असायचा आणि ती त्याला पाणी पाजायची.

अण्णाजींनी टिळा लावला, पायावर डोकं ठेवलं. सुलोचनाला भरून आलं. मग अण्णाजी नाक पुसत मंचावर गेले आणि पहिलं बक्षीस धूरवाल्या नंदीला देऊन आले. परंपरा म्हणजे परंपरा. तोवर गावालाही साक्षात्कार झाला होता. पोरीच्या हातात कला आहे हे आपण आधीपासूनच म्हणत होतो, असं जो तो सांगत सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अण्णाजी तिच्या दारात हजर. चहा घेतला, तिच्या बापाची आठवण काढली, घर किती स्वच्छ ठेवलं म्हणाले. मग घसा खाकरला.

"तो बैल मले देऊन टाक वं सुलोचना. म्हणशीन तो भाव देतो."

सुलोचना बैलाच्या पाठीवरची धूळ पुसत होती. खांद्यावरची हळद तिनं तेवढी तशीच ठेवली.

"एकडाव इकला ना तुमी, अण्णाजी. आता हा इकाचा नाई."