वहिनीच्या ठेवीवरचा ओव्हरड्राफ्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही धड ठाऊक नाही. आता आत ठेवणं जमत नाही, एवढंच.

आम्ही उमरग्याचे. हायवेला दादाचं टायरचं दुकान. वहिनीचं माहेर माकणी. ब्लाऊज शिवून शिवून तिनं बँकेत स्वतःच्या नावावर मुदत ठेव केली होती. बाजारात एक गाळा घ्यायचा, त्यात मशिनी टाकायच्या — एवढंच तिचं मागणं. मी पुण्यात शिकायला. दादा फी भरायचा, वर खर्चालाही पाठवायचा. कमी नव्हतं ते. पण बाकीची पोरं राहायची तसल्या फ्लॅटवर मला राहायचं होतं. त्यांच्यासारखे बूट, त्यांच्यासारखी गाडी. हप्ते थकले, खातं रिकामं झालं, वसुलीवाले दादाचा नंबर मागायला लागले.

शेवटच्या वर्षी दिवाळीला घरी आलो. वहिनीच्या मोबाईलवर बँकेचं अॅप मीच टाकून दिलेलं. त्यात दिसलं — ठेव न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट मिळतो. म्हणजे ठेव तारण, आणि बँकेकडून उचल. घरात कुणाला कळायचंही नाही. मी म्हणालो, "वहिनी, केवायसी करून देतो, ओटीपी आला की सांगा." तिनं मशीन थांबवून एकेक आकडा वाचून दाखवला. दोरा-अस्तर आणायला ती मला कार्ड द्यायचीच. त्याच कार्डानं पैसे काढले. नोकरी लागली की भरून टाकू, असं मनाशी म्हणालो होतो. खरंच म्हणालो होतो का — की हे आत्ता जोडतोय?

पदवी मिळाली. सोलापुरात नोकरी लागली. पगाराचं खातं कुठल्या बँकेत काढावं, कुठं किमान शिल्लक लागते, कुठं कार्डाचे पैसे पडतात — घरी बसून मी हेच सांगत होतो आणि दादा कौतुकानं ऐकत होता. त्याच सुमारास गाळ्याचं जमलं. दोघं ठेव मोडायला बँकेत गेले.

ठेवीवर आधीच मोठी उचल निघाली आहे, हे तिथं कळलं आणि दोघं तसेच परत आले. मग दादानं विचारलं, "माकणीला दिलीस व्हय उचल काढून?" वहिनीच्या भावानं नुकतंच घर बांधायला काढलं होतं.

"न्हाय हो. म्या एक रुपाया काढला न्हाय." ती माझ्याकडं वळली. "भावजी, तुमी ते केवायसी केलं होतं तवा —"

मी तिला पुढं बोलू दिलं नाही. "त्याचा नि ह्याचा काय संबंध, वहिनी? पैसे कार्डानं निघालेत. कार्ड तुमचं, पिन तुमचा."

घरात शिकलेला मी. दादानं माझं ऐकलं.

गाळा गेला. दादा माकणीला जाऊन तिच्या भावाला नको ते बोलून आला. तेव्हापासून तिकडून कुणी येत नाही, वहिनी तिकडं जात नाही. आणि मी? पगारातून ती उचल फेडली — मोठ्या मनानं, सगळ्यांसमोर. दादाचे डोळे भरून आले. वहिनीचं नवं खातं कुठं काढावं, तेही मलाच विचारलं. मी चांगली बँक बघून दिली. दादा म्हणाला, तुझंही नाव घाल, तुझ्या सहीशिवाय हिला पैसे काढता यायला नकोत. वहिनीनं सही केली. माझ्याकडं बघितलं नाही.

तिला माहीत आहे का? असणारच. मग बोलत का नाही? बोललीच तर कोण ऐकेल — हे तिला मीच शिकवलं ना.

मागच्या महिन्यात तिचे वडील वारले. दादाला ताप होता, म्हणून मातीला तिला घेऊन मी गेलो. तिचा भाऊ सगळ्यांशी बोलला. तिच्याजवळून गेला, थांबला नाही. ती बायकांच्या मागं, भिंतीला टेकून बसून राहिली. मी अंगणात उभा होतो. तिथंच सांगता आलं असतं. तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता.

परतताना गाडीत ती म्हणाली, "भाऊ बोलला न्हाय माझ्याशी."

मी समोर बघत गाडी चालवत राहिलो.