खिदिरपूरचा जांभळा शिक्का

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला नाही, देवासमोर हात जोडतानासुद्धा मी हिला वळसाच घालत आले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि अनोळखी माणसासमोर तोंड लपवावं लागत नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणाने झाली.

माझा जन्म कोलकात्यातला. वडील बँकेच्या नोकरीत इकडे आले आणि इकडचेच झाले. मी तीस वर्षं मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला आणि त्याहून जास्त वर्षं तिकिटं आणि जुनी पोस्टकार्डं जमवली. भवानीपुरात एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं संग्राहकांचं मंडळ भरतं, दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी. बारा-पंधरा माणसं, चिमटे, भिंगं, बिनदुधाचा लाल चहा, आणि कुणाला नवीन काय मिळालं याची चौकशी. आम्ही एकमेकांच्या अल्बमकडे कसे बघतो, ते एकदा येऊन बघाच. तोंडाने वा-वा चाललेली असते आणि पोटात आग.

माझा विषय खिदिरपूर. तिथल्या गोदीत पूर्वी लहान-लहान पोस्टं होती, त्यांचे शिक्के. कुठलं पोस्ट कधी उघडलं, कधी बंद झालं, कुठे कसली शाई वापरायचे — कुणाला शंका आली की आमचे अध्यक्ष बिमलदा म्हणायचे, ‘दिदींना दाखवा.’ दिदी म्हणजे मी. खोटं कशाला सांगू? हे दोन शब्द ऐकायलाच मी रविवारी जायचे.

आणि माझ्याकडे एक कार्ड होतं, मंडळात कुणालाही माहीत नसलेलं. गोदीत फार थोडे दिवस चाललेल्या एका पोस्टाचा शिक्का त्यावर होता. शाई काळी नव्हती, जांभळी होती, आणि शिक्क्याचं गोल वर्तुळ खालच्या बाजूला तुटलेलं. हा शिक्का कुणी पाहिल्याचं ऐकिवात नव्हतं. वार्षिक प्रदर्शनात तो मांडायचा, सगळ्यांची तोंडं बघायची, असं मी ठरवलं होतं — पण आधी त्यावर लेख लिहायचा होता, त्याआधी पुरावे गोळा करायचे होते, त्याआधी मागचा मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्यायचा होता. मजकूर मोडीत होता. मला मोडी येत नाही. असं करता करता ते कार्ड सात वर्षं कपाटात साड्यांखाली पडून राहिलं.

मग सबनीस आले.

रेल्वेतले अधिकारी. गार्डन रीचच्या कचेरीत बदली होऊन आलेले. पहिल्याच रविवारी त्यांनी बंगालीत भाषण ठोकलं. सगळी क्रियापदं चुकीची, पण असे हसत हसत की मंडळी खूश. माझं बंगाली जन्मापासूनचं, त्याचं कधी कुणी कौतुक केलं होतं का? करतील कशाला — चुकत नाही ना! दोन महिन्यांत सबनीस बिमलदांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायला लागले. ती खुर्ची माझी होती. कुणी मला ऊठ म्हटलं नाही. एका रविवारी मला ट्राम मिळायला उशीर झाला, एवढंच. त्यानंतर ती माझी राहिली नाही.

वाईट म्हणजे माणूस चांगला होता. मला ‘ताई’ म्हणायचा. थंडीत त्याच्या बायकोने केलेले डिंकाचे लाडू डब्यातून आणून द्यायचा आणि ‘इथं आल्यावर तुमच्याशीच मराठी बोलतो हो पोटभर,’ म्हणायचा. मी ते लाडू खायचे. खाताना मनात म्हणायचे, याची बदली लवकर होऊ दे. अशा माणसाचा राग करायला किती कष्ट पडतात, तुम्हाला कल्पना आहे? मी ते सगळे घेतले.

पुढच्या वर्षी, प्रदर्शनाला तीन महिने असताना, सबनिसांनी पिशवीतून एक कार्ड काढलं. बराकपूरच्या एका जुन्या सामानवाल्याकडे गठ्ठ्यात मिळालं म्हणाले. मी चहाचा कप हातात घेऊन टेबलापाशी गेले — आणि बघितलं. जांभळी शाई. खाली तुटलेलं वर्तुळ.

माझे कान गरम झाले. एवढंही मी सहन केलं असतं. खरंच केलं असतं, असं मला अजून वाटतं. पण त्याने कार्ड उलटलं आणि मागचा मोडी मजकूर घडाघडा वाचायला सुरुवात केली. गोदीतल्या कुणा कारकुनाने साताऱ्याकडे आईला लिहिलेलं होतं. पाठवलेलं लोणचं बोटीवरच्या लोकांनी दोन दिवसांत संपवलं, नदीचं पाणी मचूळ लागतं, पण मी बरा आहे, रडू नकोस. सबनीस एकेक ओळ वाचायचे आणि मोडक्यातोडक्या बंगालीत सांगायचे. बिमलदांनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि मी उभी. मराठी माझं, हे शहर माझं, खिदिरपूर तर माझंच — आणि या सगळ्याचं मिळून झालेलं एक कार्ड हा काल आलेला माणूस वाचून दाखवतो आहे! माझ्या साड्यांखालच्या कार्डावर काय लिहिलं आहे, ते मला सात वर्षांत कळलेलं नव्हतं.

‘दिदींना दाखवा,’ बिमलदा म्हणाले. सबनिसांनी दोन्ही हातांनी कार्ड माझ्यापुढे धरलं. ‘ताई, तुम्ही म्हणाल ते. घरी न्या, सावकाश बघा.’

मी घरी नेलं. खिडकीपाशी दोन्ही कार्डं शेजारी ठेवली, भिंग लावलं. वर्तुळ दोन्हींवर एकाच जागी तुटलेलं, केसाचाही फरक नाही. म्हणजे मूळ ठशाचाच तिथे टवका उडालेला होता. शाई तीच. मला आणखी काय हवं होतं? माझं कार्ड त्याच्या कार्डाचा पुरावा होतं आणि त्याचं माझ्या. दोन्ही बरोबर नेली असती तर आमच्या मंडळात कधी झाला नव्हता असा रविवार झाला असता. आणि त्याने माझं कार्ड मला वाचूनसुद्धा दाखवलं असतं.

पण लोक काय म्हणाले असते? सबनिसांना सापडलं आणि दिदींकडे दुसरं निघालं. दुसरं! हा शब्द माझ्या डोक्यातून महिनाभर गेला नाही.

पुढच्या महिन्याच्या रविवारी मी सांगितलं की शिक्का बनावट आहे.

इतकं सोपं होतं ते. शाई बघा, मी म्हटलं, सरकारी शाई अशी नसते. वर्तुळ बघा, रबरावर हाताने कोरताना असं तुटतं. कार्ड जुनं आहे, मजकूर खरा असेलही, पण शिक्का मागाहून मारलेला. तीस वर्षं वर्गात बोललेला आवाज — कुणी शंका घेतली नाही. सबनिसांनी एकदाच विचारलं, ‘नक्की ना, ताई?’ मी म्हटलं, ‘नक्की.’ त्यांच्या डोळ्यांकडे बघून म्हटलं.

आमच्याकडे एक रीत आहे. बनावट ठरलेली वस्तू उद्या कुणाच्या गळ्यात मारली जाऊ नये म्हणून तिच्यावर पक्क्या शाईने ‘जाल’ असा बंगाली शिक्का मारायचा. जाल म्हणजे बनावट. आणि तो मारायचा ज्याची वस्तू त्यानेच, सगळ्यांसमोर. जबरदस्ती नाही, पण जो मारत नाही, त्याच्याकडून पुढे कुणी काही घेत नाही. सबनिसांनी एक मिनिटही लावलं नाही. कोरी जागा नव्हती म्हणून त्यांनी तो मजकुरावरच दाबला. लोणचं, नदीचं पाणी, रडू नकोस — त्या सगळ्यावर. मी तेव्हा काय करत होते, सांगू? खुर्चीकडे बघत होते.

त्यानंतर त्यांच्या बाकीच्या वस्तूंवरही लोक भिंग जरा जास्त वेळ धरायला लागले. ‘सबनीसबाबू, हेही बराकपूरचंच का?’ असं हसून विचारायचे. त्यांनी प्रदर्शनातून नाव काढून घेतलं. मग येणं कमी झालं, मग खरंच बदली झाली. जाताना ते कार्ड त्यांनी मंडळाच्या नमुन्यांच्या पेटीत दिलं. नव्या सभासदांना बनावट माल ओळखायला शिकवतो ती पेटी. मला नंतर पत्र आलं — तुम्ही होतात म्हणून मी प्रदर्शनात नामुष्कीतून वाचलो, तुमचे उपकार आहेत. ते पत्र मी फाडलं. आभार मानणारं पत्र कुणी फाडतं का? मला ते घरात नको होतं.

खुर्ची मला परत मिळाली. माझं स्वतःचं कार्ड मात्र मला कधीच कुणाला दाखवता आलं नाही. दाखवलं असतं तर मीच उघडी पडले असते. याचं मला फार वाईट वाटायचं, आणि हेही कबूल केलं पाहिजे — कित्येक वर्षं मला फक्त याचंच वाईट वाटत होतं. सबनिसांचं नाही.

इथे थांबले असते तर निदान बारा वर्षांपूर्वीचं पाप म्हणून सांगता आलं असतं. पण दर हिवाळ्यात नवे सभासद येतात आणि त्यांना पेटी दाखवायचं काम माझं. मी सबनिसांचं कार्ड चिमट्याने उचलते आणि शिकवते. जांभळी शाई, तुटलेलं वर्तुळ — ही खूण विसरू नका. छान शिकवते. सगळे लिहून घेतात.

गेल्या महिन्यात एक बाई आल्या. माया नाव, रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, पहिल्यांदाच मंडळात. आईच्या पेटीत सापडलेलं एक कार्ड रुमालात गुंडाळून आणलं होतं. आजोबा खिदिरपूरच्या गोदीत कामाला होते, त्यांनी तिथून आजीला लिहिलेलं. मी पुढे होऊन बघण्याआधीच माझ्याकडून शिकलेल्या दोघांनी ते बघितलं आणि एकमेकांकडे पाहून हसले. जांभळी शाई, तुटलेलं वर्तुळ. ‘जाल,’ एकजण म्हणाला. इतक्या सहज, की मला क्षणभर माझाच आवाज आल्यासारखं वाटलं.

बाई म्हणाल्या, पण हे आमच्या घरातलंच आहे हो, बाहेर कधी गेलंच नाही. त्यावर तो दुसरा त्यांना प्रेमाने म्हणाला की सगळ्यांना तसंच वाटतं. मग त्या माझ्याकडे वळल्या. सगळेच वळले. बिमलदा आता नाहीत, त्यांच्या जागी मीच अध्यक्ष आहे. मी कार्ड हातात घेतलं, भिंग लावलं. बोलायला किती लागलं असतं? एक वाक्य.

मी त्या दोघांकडे बघून होकाराची मान हलवली.

मंडळाची रीत कुणीतरी त्यांना समजावून सांगितली. त्यांनी रबरी शिक्का घेतला, शाईच्या गादीवर टेकवला, आणि हात तसाच वर राहिला. आजोबांच्या अक्षरावर पडेल, त्या म्हणाल्या, जागाच नाही.

‘इथे कोपऱ्यात आहे थोडी,’ मी म्हटलं, आणि बोट ठेवून दाखवली.