डॉक्टरांच्या नावावर

आईला जमिनीवर बसायची बंदी डॉक्टरांनी केली नव्हती. मी केली होती, डॉक्टरांचं नाव पुढे करून. हे आजवर बायकोलाही सांगितलं नाही.

मांजर्लीतल्या तिच्या तळमजल्याच्या घरात दुसऱ्यांदा पुराचं पाणी शिरलं, तेव्हा आईला आमच्या अंबरनाथ पूर्वेच्या फ्लॅटवर आणलं. ती हॉलमध्येच बसकण मारायची. एक पाय दुमडलेला, एक उभा, पुढ्यात माठाची जुडी. कुणी आलं तर म्हणायची, "बसा की खाली, जमीन काय चावते?" एकदा ऑफिसातले साहेब आले आणि खरंच तिच्यासमोर मांडी घालून बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून तिच्या तपासणीचे रिपोर्ट घेऊन आलो आणि सांगून टाकलं, "गुडघे जपायला सांगितलेत. खाली बसायचं नाही." उंच खुर्चीही आणली. आईने एका शब्दाने उलट विचारलं नाही.

दीड वर्षात तिला कमोडवरून एकटीला उठता येईना.

व्यायाम शिकवायला उल्हासनगरहून एक सिंधी मुलगी आली, फिजिओथेरपिस्ट. तिने आईच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि मांडीवर हात ठेवला. "आजी, टॉवेल दाबा, जोर से." आईने दात आवळले. मांडी मऊच राहिली.

"इथे चार मसल आहेत, चार भाई समजा. चौघं मिळून गुडघ्याची वाटी वर खेचतात, मग पाय सरळ होतो, माणूस उभा राहतो. मसलला ढकलता येत नाही, फक्त खेचता येतं. आणि काम नाही दिलं तर सुकतो. आजी आधी खाली बसायच्या ना? ते कोणी बंद केलं?"

"डॉक्टरांनी. हाच विचारून आला होता," आई माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाली.

मी टॉवेलची घडी घालू लागलो.

निघताना दाराशी मुलीला विचारलं, "परत होईल?"

"होईल ना. या वयातही मसल बनतो. पण रोज करवून घ्या, दहा वेळा, मोजून."

चार दिवस आईने केलं. पाचव्या दिवशी टॉवेल भिरकावला. "डॉक्टर नको म्हणतात आणि ही कालची पोर दाब म्हणते! मी नाही करणार."

आता गप्प राहिलो असतो तर ती कायमची बसली असती.

"आई, डॉक्टर काही म्हणाले नव्हते. मीच म्हणालो."

"का रे?"

"लोक यायचे घरी. मला लाज वाटायची."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाली, "तुझ्या बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळे पाटावर जेवले. मी वर खुर्चीत, परक्यासारखी."

दोन दिवस चहासुद्धा तिने सुनेकडे मागितला. माझ्याकडे बघितलंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ती पलंगावर पाय पसरून बसलेली, टॉवेल स्वतःच गुडघ्याखाली सरकवलेला.

"बघतोस काय? हात ठेव."

ठेवला. लुगड्यातूनही हाड लागत होतं. माझ्या हातांनी कमी केलेली ही मांडी. तिने श्वास धरला आणि दाबलं. तळव्याखाली काहीतरी हललं, बारीकसं आवळलं आणि सुटलं.

"लागलं का काही?"

"लागलं," मी म्हटलं. दुसऱ्या हाताने डोळे पुसले.

"मग रडतोस काय? मोज."