डांबरी पाटावरची हळद

माझ्या स्वतःच्या लग्नात मी एकदाही खाली बसलो नाही.

याला कारण मीच केलेला पाट. सयाजीराव महाराज विलायतेला गेले होते त्या उन्हाळ्यात मला सुतारकामाचं वेड लागलं होतं. रुळांखालचा एक जुना लाकडी स्लीपर हाती लागला. तो कापून, त्यावर रंधा मारून मी हळदीसाठी पाट बनवला. वाळवी लागू नये म्हणून या लाकडाला डांबराचं तेल पाजलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. (पाजलेलं ते ओकतंही, हे ठाऊक नव्हतं!)

हळद लागली, अंगावर कढत पाणी पडलं, आणि पाट ओकू लागला! काळं तेलकट पाणी माझ्याखालून निघून, पाटाला टेकून ठेवलेल्या उष्ट्या हळदीच्या वाटीत ठिबकत होतं.

“कसला रे वास येतोय?” आत्यानं विचारलं.

“नव्या पाटाचा!” मी ऐटीत म्हणालो.

नवऱ्याची उष्टी हळद गेल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आत्या वाटी घेऊन घोडागाडीत बसली आणि बाबाजीपुऱ्याला नवरीकडे निघाली. गाडी वळली, आणि माझी बैठक पेटली! आग, नुसती आग! मग डोक्यात उजेड पडला. हीच आग आता त्या पोरीच्या गालांवर! तिला मी एकदाच पाहिलं होतं, तेही मान खाली घालून. (मान माझी.) हळदीच्या नवऱ्यानं उंबरठा ओलांडायचा नसतो. तरी मी ओला पंचा सावरत भर रावपुऱ्यातून धावत सुटलो.

“अरे वरराजा, केम भागो छो?” पानवाला ओरडला. का पळतोय हे सांगायला दम कुणाला होता!

पोहोचलो तेव्हा आंब्याचं पान वाटीत बुडालं होतं आणि नवरीचा गाल पुढं आला होता.

“थांबा! हळद लावू नका!”

सासरे पलटणीतले जुने सुभेदार. ते सावकाश उठले.

“लग्न मोडायला आलात?”

“नाही! भाजतंय!”

“कुठं?”

एवढ्या बायकांसमोर काय सांगणार? मी पाठ फिरवली. पंच्यावर पाटाचा काळा शिक्का उमटला होता. सासऱ्यांनी तो पाहिला, वाटी हुंगली आणि ते गरजले, “फेका ही! ताजी कालवा!”

“पण उष्टी तर व्हायलाच हवी!” आत्या अडून बसली.

“मग जावईबापू, आत जा अन् लावून या.”

नवी वाटी घेऊन मी एकटाच न्हाणीत शिरलो. भाजल्यावर हळद गुणकारी. जिथं आग होत होती तिथं भरपूर थापली आणि उरलेली बाहेर दिली. नवरीच्या दोन्ही गालांना तीच लागली.

“काय तेज आलंय पोरीच्या चेहऱ्यावर!” सगळ्याजणी म्हणाल्या.

ती हळद नेमकी कुठं उष्टी झाली, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. सुभेदारांची तलवार अजून भिंतीवर आहे, आणि मला आत्ता कुठं नीट बसता येऊ लागलंय!